बाहत्तरच्या खाली

वजनाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असा माझा एक माज होता. अठ्ठावीस वर्षं मी अंगणवाडी सेविका आहे. जवळा बाजारच्या पलीकडं आमचं गाव. दर महिन्याला गावातलं आणि शेजारच्या तांड्यावरचं एकूण एक लेकरू मी काट्यावर तोलते, वजन वहीत लिहिते, आणि ज्याचं भरत नाही त्याच्या आईला फैलावर घेते. उभा जन्म मी दुसऱ्यांची वजनं वाढवण्यात घातला. स्वतःचं कमी करायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं, आणि कुणी म्हटलं असतं तरी मी हसले असते. कारण ते मी एकदा करून दाखवलेलं होतं.

माझी एकुलती एक लेक झाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. बाळंतपणात माझ्या आईनं डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तुपातला शिरा असा मारा केला की सव्वा महिन्यानं मी दारातून आडवं होऊन निघायचं तेवढं बाकी राहिलं. नवरा म्हणायचा, "लेकरू कोणतं अन् माय कोणती एवढं वळखू येतं, तेच लई झालं." मला असा राग आला! त्याच वर्षी मला अंगणवाडी लागली होती. लेकीला कडेवर मारायची आणि रोज तांड्यापर्यंत पायी जायची, पायी यायची. संध्याकाळची भाकर बंद केली. दोन महिन्यांत चौदा किलो उतरलं. लग्नातले ब्लाउज परत अंगात शिरले. ही गोष्ट मी पुढं गावातल्या प्रत्येक जाड बाईला ऐकवली. तोंड बंद ठेवा, पाय हलवा, त्यात काय अवघड आहे, असं म्हणायची. कुणी म्हटलं, "बाई, आता वय झालं, उतरत न्हाई," की मी म्हणायची, "वयाला नावं ठेवू नका, जिभेला ठेवा."

लेक अठ्ठाविसाव्या वर्षी आजारी पडली. तिचं सासर डोंगरकड्याकडं, केळीच्या बागेचं घर. पायावर सूज यायला लागली, जेवण जाईना, दम लागायचा. मी म्हटलं अशक्तपणा आहे. मी स्वतः तिला रक्तवाढीच्या गोळ्या नेऊन दिल्या. एवढी गावाला शहाणपण शिकवणारी बाई मी, आणि घरच्या लेकराचं मला कळलं नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सासूनं पिशवी भरली आणि "बरी झाली की धाडा" म्हणून माझ्याकडं आणून सोडली. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. जावयाचा रक्तगट जुळत नव्हता. तिचे वडील आधीच वारलेले. राहिले मी, आणि माझा रक्तगट जुळला. त्या दिवशी औंढ्याच्या स्टँडवर आम्ही दोघींनी उसाचा रस मागवला, तिला दोनच घोट. मला वाटलं, झालं, सुटलो.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर वयानं माझ्या लेकीएवढेच असतील. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "किडनी चालेल तुमची. पण वजन चौऱ्याऐंशी आहे ताई, आणि उंची पाच फूट. एवढ्या वजनावर आम्ही काढू शकत नाही. भूल देण्यात धोका आहे, आणि पुढं तुम्हाला शुगर झाली तर राहिलेली एक जाईल. बाहत्तरच्या खाली या, मग तारीख देतो."

मी म्हटलं, "दोन महिने द्या फक्त."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दोन महिन्यांत नाही व्हायचं. पन्नाशीनंतर शरीर ऐकत नाही. पाळी गेली की मग तर अजूनच. तुम्ही सहा महिने धरा."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही शिकलेले आहात, पण माझं शरीर मला माहीत आहे. एकदा केलंय मी."

"कधी?"

"हिच्या वेळेस," म्हणून मी शेजारी बसलेल्या लेकीकडं बोट केलं. लेकीनं माझा पदर ओढला, "आई, पैजा नको लावू."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. हाताच्या काड्या झालेल्या. माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "बारा किलो म्हंजी किती गं? माझ्या दोन मांड्या अन् एक हात." मी तिला हसून फटका मारला. तेव्हा अजून आम्ही हसत होतो.

मे महिन्यापासून मी लागले. पहाटे उठून औंढ्याच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत जायची, यायची. तेल बंद, साखर बंद, गोड बंद. सकाळी एक भाकर, संध्याकाळी अर्धी. घरात गंमतच होती. डॉक्टरांनी लेकीला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं, दोन पेल्यांच्या वर नाही. तिला खायला हवं आणि जाईना, मला खायची इच्छा आणि खायचं नाही. मी भाकरीकडं बघत बसायची, ती माठाकडं. उन्हाळ्याचे दिवस. ती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची, आणि मी दुसरीकडं तोंड करायची.

महिन्यानं अंगणवाडीत मोठ्या माणसांच्या काट्यावर उभी राहिले. दोन किलो. फक्त दोन! सत्ताविसाव्या वर्षी महिन्यात सात उतरले होते. माझा विश्वासच बसेना. मी काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला, परत चढले. तेच. आमची मदतनीस तांड्यावरची, चाळिशीची, दिवसाला चार भाकरी चेपते आणि अंगावर मूठभर मांस नाही. ती म्हणाली, "बाई, काटा इकडून तिकडं नेल्यानं वजन सांडतंय का?"

मग मी पल्ला वाढवला तर गुडघ्यांनी संप केला. उजवा गुडघा असा सुजला की उकिडवं बसता येईना. सत्ताविशीत कडेवर लेकरू घेऊन मी आठ किलोमीटर चालायची आणि घरी येऊन धुणं धुवायची. आता मोकळ्या हातानं चार चालले की दुपारी आडवं व्हावं लागे. भूक तीच होती, जीभ तीच होती, फक्त अंग माझं राहिलं नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या तरी हट्टी बाईच्या अंगात मला कोंडलंय असं वाटायचं. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा. आंघोळीच्या वेळी पोटाला धरून मी शिव्या दिलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

त्यात जावई. माणूस वाईट नाही, पण घळाघळा रडणारा, आणि आईपुढं शेपूट घालणारा. पंधरा दिवसांनी यायचा आणि मोटारसायकलला बांधून आपल्या बागेतली केळी आणायचा, एवढा मोठा घड. किडनीच्या माणसाला केळं म्हणजे विष, हे त्याला मी तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, "रिकाम्या हातानं कसं यावं, आई?" केळी पिकायची, घरभर वास सुटायचा. लेकीला चालत नाहीत, वाटून वाटून किती वाटणार, आणि खाण्याची वस्तू उकिरड्यावर टाकायची म्हणजे माझा हात चालत नाही. रोजची दोन-तीन मीच संपवायची. ते खाणं आहे असं मी धरतच नव्हते. वाया जाऊ नये म्हणून खाल्लेलं अंगाला लागत नाही, असा काहीतरी माझा हिशेब असावा. लेक बघत राहायची.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात तीन महिने संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बाया बसतो. पौर्णिमेला उपोसथ धरतात, दुपारी बाराच्या पुढं अन्न घ्यायचं नाही. मी ठरवलं, पौर्णिमेलाच काहून, मी तीनही महिने धरते. देवाला नवस बोलायची आमच्यात रीत नाही, पण खरं सांगायचं तर ते नवसासारखंच होतं. बाया म्हणाल्या, "बाई, लई मोठं शील घेतलंत." मला बरं वाटलं. आत भलतीच भीती होती, म्हणून बारा वाजायच्या आत मी असं जेवायची की कुणी ताट ओढून नेणार आहे. साडेअकराला दोन वेळेचं एकदम. संध्याकाळी पोटात आग पडायची, वाचन सुरू असायचं, आणि मला समोरच्या घरातल्या फोडणीतल्या लसणाच्या पाकळ्या मोजून सांगता आल्या असत्या.

आणि आता ती चूक सांगते, जी माझ्यासारखी बाईच करू शकते.

तांड्यावरच्या आया लेकराच्या अंगावरचं काही काढू देत नाहीत. कमरेचा करदोडा, पायातले चांदीचे वाळे, गळ्यातला ताईत. काढलं की नजर लागते म्हणतात. भांडून भांडून मी पहिल्याच वर्षी थकले. मग मी माझी रीत पाडली. आहे तसं लेकरू तोलायचं आणि अंगावरच्या वस्तूंचं वजा करायचं. वाळ्यांचे शंभर ग्रॅम, करदोड्याचे पन्नास, थंडीत स्वेटर-टोपऱ्याचे दोनशे. अठ्ठावीस वर्षांत माझा हात असा बसला की लेकराकडं एकदा बघून मी वजाबाकी सांगते, आणि ती बराबर निघते.

स्वतःचं वजन मी त्याच हिशेबानं लिहायला लागले. पहिल्या महिन्यात साडीचा अर्धा किलो वजा केला. त्यात चूक नव्हती. श्रावणात काटा हलेनाच, तेव्हा परकर आणि बांगड्या धरल्या. मग सकाळचा चहा पोटात आहे, तो धरला. पुढच्या महिन्यात पावसानं पदर ओला होता. केसही ओले होते. मग मला गुडघा आठवला. गुडघ्याला सूज आहे, सूज म्हणजे पाणी, आणि पाणी काही वजन नव्हे. लेकीच्या डायलिसिसवाल्या सिस्टरच तर सांगायच्या, हे पाणी आहे, हे खरं वजन नाही. त्या मशीनवर घ्यायच्या आधी आणि नंतर तिचं वजन करायच्या आणि दोन-अडीच किलो पाणी गेलं म्हणायच्या. मग माझ्या गुडघ्यातलं दीड किलो का वजा करू नये? मी केलं. दोन्ही गुडघ्यांचं केलं.

मदतनीस एकदा वहीत डोकावून म्हणाली, "बाई, तुमची साडी लोखंडाची हाय का काय?" मी तिला झापलं. त्यानंतर तिनं वहीत डोकावणं सोडलं. मी खोटं लिहीत होते असं मला वाटत नव्हतं. शपथेवर सांगते, मला ते खरंच वाटत होतं. आश्विनात माझ्या वहीत साडेत्र्याहत्तर आलं. मी लेकीला दाखवलं. तिनं वही हातात घेतली, आकड्यावर बोट ठेवलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या गालावर थोडा रंग आला. "आई, तू तर खरंच करून दाखवलंस गं."

पौर्णिमेनंतर आम्ही संभाजीनगरला गेलो. तिनं पिशवी भरून घेतली होती. दोन गाऊन, टॉवेल, तेलाची बाटली, माझ्यासाठी एक जुनी मऊ साडी. मी म्हटलं, "आजच ठेवून घेतील असं नसतं." ती म्हणाली, "असू दे. दीड किलोचं काय, तारीख देतील. कदाचित ठेवून पण घेतील." मी तिला आणखी अडवलं नाही.

तिथल्या सिस्टरनं मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "एकोणऐंशी."

मी म्हटलं, "साडी आहे अंगावर."

"साडी धरूनच असतं हो सगळ्यांचं."

"गुडघ्याला सूज आहे."

तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा चढवलं. एकोणऐंशीच. लेक मागं खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ऐकलं. मला त्या काट्यावरून खाली उतरायची हिंमत होईना. उतरले की तिच्याकडं तोंड करावं लागणार होतं.

डॉक्टर चांगले बोलले. म्हणाले, "पाच किलो उतरवलंत, या वयात हे कमी नाही. संक्रांतीनंतर या." पाच किलोला सहा महिने लागले होते. राहिलेल्या सातांना किती लागतील हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्यांदा मला कळलं की हे होणार नाही. करायची इच्छा आहे, जीव द्यायची तयारी आहे, आणि तरी होणार नाही. सत्ताविशीत नवऱ्याच्या एका टोमण्यावर जे झालं, ते पंचावन्नला लेकराच्या जिवासाठी होईना. ज्या बायांना मी वर्षानुवर्षं सुनावलं त्या सगळ्या मला एकेक करून आठवल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं.

घरी आल्यावर संध्याकाळी तिनं स्वतः उठून भाकर टाकली. मी नको नको म्हणत होते, तिला तव्यासमोर उभं राहवत नव्हतं. ताट माझ्यापुढं ठेवलं. वांग्याची भाजी, भाकर, वर तेल-तिखट.

"जेव."

"न्हाई गं. बारा वाजून गेले कधीच."

"वर्षावास सरला आई. जेव तू." मग म्हणाली, "तुला एक सांगू का? रागावशील."

"सांग."

"तू घास घेतला की मी मोजते. चार महिने झाले, मोजून राहिले. केळं खाल्लंस की माझ्या मनात येतं, ही काहून खाऊन राहिली, हिला कळत न्हाई का. जलमदात्या आईच्या जेवणाला मी नजर लावून बसले. मला माझीच लाज वाटती. मरायचं तर मरू, पण असं नको. जेव."

मी रडले. आणि रडता रडता जेवले, दोन भाकरी जेवले, आणि सांगायला लाज वाटते, पण ते अन्न मला इतकं गोड लागलं की तसं आयुष्यात कधी लागलं नसेल. ती भिंतीला टेकून बघत होती. मला वाटतं त्या दिवशी तिनं मोजलं नाही.

त्यानंतर मी परत चालायला लागले. थंडी पडली होती. वहीतला वजा करायचा रकाना मी बंद केला. नोव्हेंबरात अठ्ठ्याहत्तर पूर्णांक आठ. दोनशे ग्रॅम. महिनाभर पाय ओढून दोनशे ग्रॅम, एका लेकराच्या स्वेटर-टोपऱ्याएवढं. तरी मी चालत होते, कारण घरी बसून तिच्याकडं बघणं त्याहून अवघड होतं. ती आता हिंगोलीहून आली की दुसऱ्या दिवसापर्यंत उठायची नाही.

डिसेंबरात तिला सर्दी झाली, मग ताप, मग छातीत कफ. हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. नांदेडला ती चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "आई, किती झालं?" मी म्हटलं, "पंचाहत्तर." ती म्हणाली, "आलंच की मग." आयुष्यात मी जाणूनबुजून लिहिलेलं-बोललेलं एवढं एकच खोटं वजन. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

जावई आला, खूप रडला. सासू म्हणाली, "आमच्या नशिबात न्हवती." माझ्यापाशी दोन किडन्या होत्या, दोन्ही धडधाकट, आणि त्या अजून माझ्याच पोटात आहेत.

मी चालणं सोडलं. पथ्य सोडलं. समोर आलं तर खायची, नाही आलं तर नाही. मदतनीस डबा आणायची आणि तसाच परत न्यायची. "बाई, दोन घास तरी," म्हणायची. मी कशाचंही वजन बघत नव्हते, लेकरांचंसुद्धा तीच करायची. फेब्रुवारीअखेर मला चक्कर आली, तिनंच मला हिंगोलीला नेलं. तिथल्या नर्सनं बीपी बघायच्या आधी काट्यावर उभं केलं आणि कागदावर लिहिलं, एकोणसत्तर. मी तो आकडा बघत राहिले. जवळपास दहा किलो, दोन महिन्यांत. मी काही केलं नव्हतं. पन्नाशीनंतर न ऐकणारं शरीर ते हेच.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा जवळा बाजारच्या बाजाराला गेले. घरात मीठसुद्धा नव्हतं. भाजीवालीपाशी एक बाई मला निरखून बघत होती. पलीकडच्या गावची, पूर्वी कधीतरी मी तिच्या लेकराचं वजन केलेलं. तिला आमचं काही माहीत नव्हतं. एकदम माझा हात धरून म्हणाली, "अगं माय! बाई, तुमीच का? वळखूच आल्या न्हाई. केवढ्या बारीक झाल्या! ह्या वयात कसं जमलं हो? माझं तर चाळिशीतच हालंना. काय खाता तुमी?"

मी म्हटलं, "काही न्हाई."

"रातचं बंद केलं व्हय?"

"व्हय."

"अन् किती दिवसांत झालं?"

"दोन महिन्यांत."

तिला खरंच आनंद झाला. सोबतच्या बाईकडं वळून, माझा हात तसाच धरून ती म्हणाली, "बघ गं. उगं वयाला बोल लावतो आपण. ठरवलं की होतंय माणसाचं." मग माझ्याकडं बघून विचारलं, "व्हय का न्हाई, बाई?"

मी व्हय म्हणाले.